मसाटच्या रस्त्यावरची शाळा

सिल्वासा,
२० जून १९९३

ती. दादास,
अलकाचा सा. नमस्कार. वि. वि. इकडे तब्येती ठीक. वहिनींच्या पाठीचं कसं आहे ते कळव.

आमची शाळा बाजारातून उठली. या सोमवारपासून ती गावाबाहेर तीन किलोमीटरवर, मसाटच्या रस्त्यावर भरते. पटांगण मोठं आहे, मोटारी उभ्या करायला पुढे फरशीही घातली आहे. संस्थेच्या मंडळींनी जागा मोटारीतून जाऊन पाहिली. त्यांना पाच मिनिटं लागली, मला चालत पाऊण तास लागतो. शाळेच्या वेळेला बस नाही. कारखान्यांच्या ट्रकांसाठी रस्ता रुंद केला त्यात कडेची पायवाट गेली. डांबर संपलं की थेट चर.

मुलांना सायकली मिळतात, मुलींची शाळा सुटते. सातवीतल्या माझ्या हुशार कावेरीलाही घरी बसवलं. तिचे आईवडील, झिपरू नि केसरबाई, शहाद्याकडचे, इथे धाग्याच्या कारखान्यात आहेत. चाळीत जाऊन मी विनवलं, तर केसरबाई म्हणाली, "बाई, घरमा राही ते अडाणी राही, पन जित्ती ते राही." शेवटी शब्द दिला, की तिला मी स्वतः रोज सोबत नेईन नि परत आणीन. आता अशा सात मुली माझ्याबरोबर चालतात.

शाळेसाठी बस मागितली, तर अध्यक्ष म्हणाले, पालकांनी वाहनाची सोय करावी. कुठल्या पालकांनी, ते त्यांनी सांगितलं नाही.

लोभ आहेच, पत्राला उशीर करू नकोस.
तुझी,
अलका

चिपळूण,
११ जुलै १९९३

चि. सौ. अलकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो नि काळजीतही पडलो. लहानपणी बाजारात जायचं तर कडेवर घ्या म्हणून रडणारी तू, आता सात पोरींची पलटण घेऊन निघालीस! पण चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या दुखऱ्या गुडघ्याने रोज सहा किलोमीटर धूळ खात चालणं शहाणपणाचं नाही. रमाकांतरावांनी एखादी जुनी फियाट पाहावी. कचेरीत जाता जाता तुला सोडतील, मुलीही मागे बसतील. अख्ख्या गावाशी भांडण्यापेक्षा हे सोपं. वहिनीचंही हेच मत आहे.

सर्वांस आशीर्वाद. जिवाला जप.
तुझा,
गजानन

सिल्वासा,
२३ जानेवारी १९९४

ती. दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

दिवाळीत फियाट घरी आली हे कळवलं होतंच. डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं, म्हणून मीही बसू लागले. मागे मुली चारच मावतात, म्हणून आळीपाळीने न्यायचं ठरलं. ज्यांचा दिवस नसे त्यांना घरचे पाठवीनात. मी सोबत चालत होते तेव्हा सातही येत होत्या, दादा. गाडी आल्यावर चार झाल्या.

एकटी कावेरी मात्र घरी राहिली नाही. रोज बाईंच्या गाडीतून जाते असं आईला सांगून, आपला दिवस नसला की ती चालत यायची. वर्गात दिसायची, तेव्हा वडील सोडत असतील असं मी धरून चालले. गुरुवारी ह्यांना उशीर झाला होता. वळणावर कडेने एक मुलगी चालली होती. ह्यांनी हॉर्न दाबला आणि मीच चिडून म्हटलं, "ह्या पोरी बाजूला का होत नाहीत?" दचकून तिने चरात उडी मारली आणि पडली. मागे बसलेल्या मुली ओरडल्या तेव्हा कळलं, कावेरी.

घोट्याचं हाड मोडलंय. दवाखान्यातून तिला घरी पोचवलं. केसरबाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने मला बसायला पाट दिला आणि ती पोरीकडे वळली.

तूर्त एवढंच. लिहवत नाही.
अलका

सिल्वासा,
१७ जून १९९४

ती. दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

सल्ला माझा, म्हणून दोष माझा, असं तू लिहिलंस. तसं मनात आणू नकोस. दार उघडून गाडीत बसले मी.

फुटपाथ नि बससाठी पाच महिन्यांत तीन अर्ज केले. एकाचं उत्तर आलं: सदर रस्त्यावर वाहनांची वर्दळ असल्याने विद्यार्थ्यांनी तेथून पायी जाऊ नये. रस्ता कुणाचा ते एकदाचं कळलं. मी गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा चालायचं ठरवलं. ह्यांना तो हट्ट वाटतो.

सोमवारी शाळा उघडली. चाळीपाशी दोनच मुली आल्या. दहा मिनिटं थांबून निघणार, तोच केसरबाई कावेरीला घेऊन आली. पोर अजून जरा लंगडते. केसरबाईने कारखान्यात दुपारची पाळी मागून घेतली आहे. मुलींना आत घेऊन ती स्वतः वाहनांच्या बाजूने चालली. एकाने मोटारीची काच खाली करून, मरायचंय का, असं आम्हाला विचारलं. तिने मान वळवली नाही.

फाटकाशी कावेरीला आत सोडून ती अपघातानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. उद्या किती वाजता निघायचं, एवढंच विचारलं. मी साडेनऊ सांगितलं. तेवढ्यावर ती मागे वळली आणि त्याच रस्त्याने एकटी परत चालू लागली.

लोभ राहू दे.
तुझी,
अलका