विश्रांतीच्या वहीतलं फाडलेलं पान

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मालवाहतूक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोकडेही मागितला होता, ती नुसती हसली. यापूर्वी दिलेली सगळी वचनं, जेवताना दिलेल्यांसह, रद्द समजावीत.

१. राहतं घर बायकोच्या नावे. तिच्या हयातीत तिला कुणी खोली बदलायला सांगू नये. जिना मी अरुंद बांधला असं ती चाळीस वर्षं म्हणत आली. ते खरं आहे, हे इथे लेखी कबूल करतो.

२. चार ट्रक आणि गॅरेज मुलाला, बँकेतली ठेव मुलीला. दोघांनी भांडू नये. राहवलंच नाही तर आईसमोर भांडावं, म्हणजे लवकर मिटेल.

३. जॅक, चाकं खोलायची टॉमी आणि पान्यांची पेटी आमच्या मिस्त्रीला, ज्याला सगळे वायसर म्हणतात. मोठा पाना शेजारच्या टायरवाल्याने "आत्ता देतो" म्हणून नेला, त्याला नऊ वर्षं झाली. तो वसूल करायचा हक्कही वायसरलाच. टायरवाल्याला मी माफ केलेलं नाही.

४. आता जे लिहायला बसलो होतो ते. तीन कलमं झाली तरी हात इकडे वळत नव्हता.

आमच्या धंद्यात प्रत्येक ट्रकबरोबर विश्रांतीची वही असते. गाडी किती तास चालवली, किती वेळ झोपलो, हे चालकाने रोजच्या रोज लिहायचं असा नियम. आमची रीत वेगळी होती. गाडी बाहेर पडण्याआधीच मी अख्ख्या फेरीची वही टेबलावर बसून भरायचो, दोन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे ती रोज लिहिल्यासारखी दिसावी. चालक सगळ्या पानांवर एकदमच सह्या करून ठेवायचा. सगळेच मालक असं करत. यात काही गैर आहे असं वाटणंसुद्धा बंद झालं होतं.

माझा एक चालक केबिनमध्ये वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा, म्हणून त्याचं नाव पडलं मास्तर. बारा वर्षांपूर्वी तो एका सकाळी लांबच्या फेरीवरून परतला. दुसरा चालक आजारी होता, माल अडला होता, म्हणून मी तासाभरात त्याला एका दिवसाच्या फेरीवर पुन्हा जायला सांगितलं. तो म्हणाला, "शेठ, डोळे मिटतायत माझे." मी म्हणालो, चहा पी आणि गाडी काढ. दुपारी दोनला, लख्ख उजेडात, सरळ रस्त्यावर ट्रक पुलाच्या कठड्यावर गेला. मास्तर जागच्या जागी गेला.

पोलिसांच्या आधी मी पोचलो. वही उघडली. माझ्या अक्षरात त्या दिवशीची नोंद होती: रात्री आठ ते पहाटे चार, झोप. दुपारी मेलेला माणूस वहीत त्यानंतरच्या रात्री झोपलेला होता, आणि खाली त्याची सही होती. ते पान मी फाडून खिशात घातलं. आदल्या पानावरची आठ तासांची खोटी झोप मात्र राहू दिली. चौकशीत तेवढीच वाचली गेली. विश्रांती पुरेशी, चूक चालकाची, असा निकाल लागला. नवरा पीत होता का, असं लोक त्याच्या बायकोला तोंडावर विचारायचे. ती माझ्याकडे आली होती. मी मान खाली घालून म्हणालो, काय सांगायचं आता. एवढं नीच काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

५. सहा वर्षांपूर्वी सरकारने वाहतुकीचा कायदा बदलायला काढला. वही जाऊन प्रत्येक ट्रकला तास मोजणारं यंत्र बसणार होतं, आधीच भरून ठेवता न येणारं, आणि जादा तासांची जबाबदारी मालकावर येणार होती. मालकांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून मी सुनावणीत उभा राहिलो आणि छातीठोकपणे सांगितलं की आमच्या वह्या चोख आहेत. मसुदा बारगळला. मला हार घातले. तोच मसुदा आता पुन्हा आला असून येत्या सोमवारी सुनावणी आहे.

मुलाला पान दाखवलं. ते माझ्या हातात परत देत तो म्हणाला, "बाबा, कायदा यायचा तेव्हा येईल. आपण कशाला ओढवून घ्यायचं?" तो वाईट नाही. माझ्याकडे बघून शिकला आहे.

६. सबब, माझ्या मृत्यूनंतर, हे मृत्युपत्र ज्यांच्या ताब्यात राहील त्या वकीलबाईंनी ते पान सुनावणी समितीकडे द्यावं आणि मास्तरची चूक नव्हती असं त्याच्या बायकोला माझ्या वतीने कळवावं.

सहीपूर्वीची दुरुस्ती: ज्यांना यातून काही मिळत नाही अशीच माणसं साक्षीला घ्या, असं वकीलबाईंनी सांगितलं. वायसर बाद झाला. मी मास्तरच्या बायकोला बोलावलं. तिच्यासाठी एक कलम घालायची इच्छा होती, ती नको म्हणाली. ती शिवणकाम करते; बोटात शिवताना घालायचं टोपण तसंच ठेवून आली होती. गॅरेजच्या बाकावर बसून तिने सगळं वाचलं, चौथं कलम दोनदा. रडली नाही. मला म्हणाली, "म्हणजे तुम्ही मरायची वाट बघत बसू मी?"

मी पेन पुन्हा हातात घेतलं.

कलम ६ रद्द. पान मी स्वतः सोमवारी समितीपुढे ठेवीन आणि ते कुणाच्या अक्षरात आहे हेही सांगेन. बाकी मृत्युपत्र कायम.

ठिकाण: गॅरेजचं ऑफिस. तारीख: १४ नोव्हेंबर, शुक्रवार.

(सही) लिहून देणार

साक्षीदार १: (सही) वकीलबाई

साक्षीदार २: (सही) मास्तरची बायको. सोमवारी नऊला तुमच्या दारात येते. तयार राहा.