काचेतलं न हलणारं पाणी

साकीनाका, अंधेरी
गुरुवार, ऑक्टोबर १९८६

प्रिय चंदू,

अपघाताच्या वेळी बॉयलरवाला गुणाजी भट्टीसमोर झोपला होता असं तू इन्स्पेक्टरला लेखी दिलंस, सही केलीस आणि मनोरीला हवा खायला निघून गेलास. म्हणून हे पत्र. तिथल्या बंगलीवर फोन नाही हे तुला माहीत होतं, मलाही माहीत आहे. पत्र घेऊन आपला जयवंत फिटर उद्या सकाळी मार्व्याच्या तरीने येईल. त्याला उन्हात ताटकळत ठेवू नकोस आणि त्याच्यावर डाफरू नकोस. त्याने मला जे सांगितलं ते मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी तापाने अंथरुणात होते, त्यामुळे खंडेनवमीच्या पूजेला कारखान्यात आले नाही, हे तुझ्या पथ्यावर पडलं असं तुला वाटलं असेल. पण तिथे पन्नास माणसं होती, चंदू. घडी विभागातली मालन बॉयलरपुढे रांगोळी काढत होती. बॉयलरला डोक्यापासून पायापर्यंत चंदेरी रंग दिला होता आणि आतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या वरच्या टोकातून नेहमीसारखे थेंब गळत होते. नव्या रंगावर ओघळ नकोत म्हणून तू स्वतः पुढे झालास आणि काचेचे वरचे-खालचे दोन्ही कॉक फिरवून बंद केलेस. थेंब थांबले. मालन म्हणाली, "बघा गं, शेठनी बॉयलरचं नाक पुसलं." सगळ्या बाया हसल्या, तूही हसलास. मग रंगाऱ्याने त्या बंद कॉकांवरूनच ब्रश फिरवला, आणि तू त्यांच्यावर झेंडूचा भरगच्च हार बांधून घेतलास. दोन्ही कॉक फुलांखाली गेले. मधली वीतभर काच तेवढी उघडी राहिली आणि तिच्यात अर्ध्यावर पाणी, अगदी चित्रासारखं.

चित्रासारखं, हेच तर मी म्हणतेय. कॉक बंद झाले की काचेतलं पाणी बॉयलरपासून तुटतं आणि आहे तिथेच राहतं. तू सात-आठ वर्षांचा असताना तुझे बाबा तुला गिरणीच्या बॉयलरघरात खांद्यावर घेऊन ती काच दाखवायचे. सुट्टीत तुझा हट्टच असायचा. काय दिसतंय, म्हणून विचारायचे. तू म्हणायचास, पाणी. काय करतंय? नाचतंय. बॉयलर जिवंत असला की काचेतलं पाणी थरथरतं, कधी एका जागी राहत नाही, आणि ते स्थिर दिसलं तर काच खोटं बोलतेय असं समजायचं, हे तू पाढे पाठ होण्याआधी शिकलास. नाचायचं थांबलं तर काय करायचं, असं त्यांनी विचारल्यावर तू एकदा म्हणालास, पळायचं. घरी येऊन मला सांगताना किती हसले होते ते! तुला त्यांनी शिकवलं होतं, पळायचं नाही, आधी आग ओढून काढायची. बाबा गेले, गिरणीही संपात गेली, ते बॉयलरघर राहिलं नाही. पण त्यांचं ते वाक्य तुझ्या डोक्यात राहायला काही हरकत नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुणाजी कामावर आला. त्याने काय केलं आणि तू काय केलंस, दोन्ही मला हॉस्पिटलात त्याच्याच तोंडून कळलं. मधे मधे त्याची बायको सुगंधा त्याला पाणी पाजत होती, कारण त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले आहेत. सकाळी पेटवण्याआधी त्याने तुला विचारलं, "शेठ, हार काढू काय? काच उडवून बघायची आहे." काच उडवणं म्हणजे खालचा नळ क्षणभर उघडून काचेतलं पाणी सोडून द्यायचं आणि नवं पाणी चढतं का ते बघायचं. आजपर्यंत हे केल्याशिवाय त्याने कधी आग पेटवलेली नाही. तू म्हणालास, चार वाजता सुरतेचे पाहुणे येतायत, ते जाईपर्यंत हाराला आणि रंगाला हात लावायचा नाही. दुसरी काच असती तर त्याने तिच्यात पाहिलं असतं. ती मे महिन्यात फुटली आणि तू तिथे बूच मारून ठेवलंस. मी तीनदा आठवण करून दिली. दिवाळीनंतर बघू, म्हणालास.

गुणाजीने हाराला हात लावला नाही. ही त्याची चूक, आणि ती तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. मला म्हणाला, "बाय, मालकाचा शब्द होता, पण बॉयलर माझा होता." तू आपल्या जबाबात एक तरी वाक्य असं लिहिलंस का?

दुपारी जेवून आल्यावर त्याचं लक्ष गेलं की काचेतलं पाणी सकाळी जिथे होतं तिथेच आहे. तो तुझ्या केबिनच्या दारात आला आणि म्हणाला, "शेठ, पाणी हलत नाय हां." तू फोनवर होतास. हाताने त्याला "जा" अशी खूण केलीस. काच अर्धी भरलेली दिसत होती म्हणून सकाळपासून आत नवं पाणी सोडलं नव्हतं; त्या वेळी बॉयलर रिकामा होत आला होता आणि भिंतीपलीकडे घडी विभागात बावीस बाया काम करत होत्या. गुणाजी पळाला असता तर त्याला कोणी नाव ठेवलं नसतं. त्याने मालनला ओरडून सांगितलं, "सगळ्यांना भायेर काढ!" आणि स्वतः भट्टीचं दार उघडून लांब सळईने निखारे बाहेर ओढायला लागला. अर्धे निखारे बाहेर आले असतील, तेवढ्यात कोरड्या पडलेल्या बॉयलरमधला शिशाचा प्लग वितळला. तो वितळण्यासाठीच असतो. वाफ भट्टीत घुसली आणि आग विझली, म्हणून बॉयलर फुटला नाही. पण ती वाफ आणि राख भट्टीच्या उघड्या दारातून सरळ त्याच्या अंगावर आली.

झोपलेल्या माणसाच्या हातात सळई कशी होती, चंदू? झोपलेल्या माणसाने मालनला हाक कशी मारली? झोपलेला माणूस छातीवर आणि हातांवर भाजतो का? एवढं खोटं लिहायचं, तर निदान डोकं वापरून तरी लिहायचं होतंस.

ॲम्ब्युलन्स गेली त्या संध्याकाळी तुझ्या हातून जे झालं त्याला मी चूक म्हणत नाही. कॉक बंद केलेस ती चूक. नव्या रंगाचं कौतुक, पाहुण्यांपुढे मिरवायची हौस, हे सगळं मूर्खपणात बसतं, आणि मूर्खपणाला माझ्याकडे माफी आहे. पण जयवंतला बोलावून काचेची अख्खी फिटिंग उतरवलीस, स्टोअरमधली नवी बसवलीस आणि जुनी भंगारात पाठवलीस, ते इन्स्पेक्टर येण्याआधी. आणि मग त्या भाजलेल्या माणसाला जबाबात झोपवलंस. त्याचं बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट जाणार, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्याशिवाय कुठल्या कारखान्याच्या दारात उभं करतील? बाबांनी त्याला गिरणीत हाताखाली घेतलं तेव्हा तुझा जन्मही झालेला नव्हता. तुझ्या बारशाला सुगंधाने पाळणा म्हटला होता.

काल ताप उतरल्यावर मी बॉयलरघरात गेले. दारातूनच दिसलं. सगळा बॉयलर चंदेरी, पाइप चंदेरी, नटबोल्टसुद्धा चंदेरी, आणि काचेची फिटिंग तेवढी पिवळीधमक पितळेची. सुरतेचे पाहुणे राहू देत, आंधळ्यालाही कळलं असतं. जुनी कुठे गेली, म्हणून जयवंतला विचारलं. त्याने सगळं सांगितलं. मग आम्ही दोघं रिक्षाने भंगारवाल्याकडे गेलो. पितळेच्या ढिगात ती वरच पडली होती. हा बॉयलर बसवला तेव्हा बाबांनी मारलेला नंबराचा ठोसा तिच्यावर आहे. दोन्ही कॉकांच्या दांड्या आडव्या, म्हणजे बंद, आणि त्यांच्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाचा सलग थर, कुठे एक चीरही नाही. रंग लावल्यापासून त्यांना कोणी हात लावला नाही हे कोणालाही दिसेल. जयवंतने ती बॉयलरवरून उतरवली तेव्हाही कॉक तसेच होते, त्यामुळे काचेत अजून दोन बोटं पाणी अडकून राहिलंय. परत येताना ती मी मांडीवर घेतली होती. मरोळ नाक्याच्या खड्ड्यांत ते पाणी थरथरलं. बॉयलरवर जे हललं नाही ते रिक्षात हललं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तुझा इतका राग आला होता की रडण्याला जागाच उरली नाही.

हे सगळं तुला विचारण्यासाठी लिहीत नाही. कारखान्यात माझी अर्धी भागीदारी आहे आणि आज दुपारी मी इन्स्पेक्टरांच्या ऑफिसात जाऊन आले. मालन आणि जयवंत बरोबर होते. तुझा जबाब पुढे पाठवायला उद्या, शुक्रवारी, दुपारी बारापर्यंत थांबावं, एवढंच मी मागितलं आणि ते त्यांनी कबूल केलं. तू येऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तर ते तुझ्या नावावर लिहिलं जाईल. नाही आलास तर माझ्या नावावर लिहिलं जाईल, आणि मग आयुष्यभर ते तसंच राहील. जयवंतबरोबर त्याच तरीने परत ये. आधी हॉस्पिटलात जा, गुणाजीच्या खाटेशी उभा राहा आणि काय केलंस ते त्याला सांग. त्याला सगळं ठाऊक आहे, तरी सांग. मग ऑफिसात जा. जेवायला घरी ये, मी पान मांडून ठेवीन. आई आहे म्हणून सकाळची वेळ मागून घेतली. त्याहून जास्त मला मागता येणार नाही आणि मी मागणारही नाही.

तुझीच,
आई

ता. क. आज बॉयलर इन्स्पेक्टरांकडे दिलेल्या वस्तूची पोच माझ्याकडे आहे. तिच्यातला मजकूर असा: पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची जुनी पितळी फिटिंग, एक. दोन्ही कॉक बंद, वरून अखंड चंदेरी रंग. वरच्या कॉकला झेंडूच्या सुकलेल्या हाराचा दोरा. काच शाबूत. काचेत पाणी, दोन बोटं.