रोटर माझ्याकडे होता

आई, तुझ्या गाडीचा रोटर हरवला नव्हता. तो मी काढून घेतला होता. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. कुणाजवळ बोलले तर कधीच नाही.

बाबांच्या माघारी तू ती गाडी विकशील असं सगळे धरूनच चालले होते. त्यांनीही ती जुनीच घेतलेली होती. मी कॉलेजात गेले तोवर रस्त्यावर बटणानं काचा खाली होणाऱ्या नव्या गाड्या दिसू लागल्या होत्या, आणि तू मात्र पदर खोचून, मान मागे वळवून, ते निळं धूड नारायण पेठेतल्या आपल्या गल्लीतून उलटं बाहेर काढायचीस. कसब्यातल्या पेशंटकडे जायचं तर गाडी कोपऱ्यावर ठेवून पुढे बॅग घेऊन चालायचीस. एकदा भर दुपारी तुझ्या दवाखान्यासमोरून ती चोरीला गेली. दोन दिवसांनी हडपसरच्या पुढे सापडली, पेट्रोल संपलं म्हणून टाकून दिलेली. तिचं कुलूप इतकं झिजलं होतं की कपाटाच्या किल्लीनंही ती चालू व्हायची. कसब्यातले तुझे मेकॅनिक, ज्यांच्या तीनही मुलांच्या गोवरात तू त्यांच्या घरी गेली होतीस, ते म्हणाले, "बाई, किल्लीवर विसंबू नका. गाडीचा जीवच काढून पर्समध्ये ठेवत जा." आणि त्यांनी तुला रोटर दाखवला.

तुला आठवतं का, तो रविवार? तू मला बॉनेटपाशी उभं केलंस. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या दोन क्लिपा बोटांनी सोडवल्यास, टोपण बाजूला केलंस आणि आतला अंगठ्याएवढा काळा तुकडा सरळ वर ओढून माझ्या तळहातावर ठेवलास. वरती पितळेची पट्टी. "हा गरगर फिरतो आणि प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो," तू म्हणालीस. "हा नसला की इंजिन नुसतं घुरघुर करत राहतं, पेट घेत नाही." मग मला तो परत बसवायला लावलास. मी टोपण तिरकं लावलं, एक क्लिप तशीच लोंबत राहिली. तू चष्म्यावरून बघत म्हणालीस, "छान. पोट शिवलंस, कात्री आतच राहिली." मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते, मला हे कशाला शिकवतेस, असं मी पुटपुटले. तू म्हणालीस, "ठिणगी कुठून कुठे जाते ते कळलं तर तुझं ते यंत्रही कळेल." पुढे नोकरी लागल्यावर प्रोग्रॅममधली चूक शोधताना मी खरंच तसाच विचार करायचे, ठिणगी इथवर आली, पुढे का गेली नाही. ते तुला सांगायचं राहून गेलं.

रोटरचा उपयोगही झाला. एका सकाळी आपण खाली आलो तर बॉनेट उघडं, बॅटरी पार उतरलेली. कुणीतरी बराच वेळ किल्ली फिरवत बसलं होतं. तू सीटवर पडलेली विडीची थोटकं मोजलीस. "पाच. एवढा वेळ होता तर वर येऊन रक्तदाब तपासून घ्यायचा," म्हणालीस आणि पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढलीस.

मग मधली वर्षं गेली. माझी कंपनी हिंजवडीला, मी सकाळी जायची ती दिवेलागणीनंतर यायची. तू सत्तरी ओलांडलीस, दवाखाना एकवेळ केलास, पण गाडी सोडली नाहीस. तू एकच गोष्ट दोनदा सांगू लागली होतीस. मी ते वयावर घातलं. एका दुपारी मी परदेशातल्या लोकांशी फोनवर मीटिंगमध्ये होते. अनोळखी नंबरवरून तीनदा फोन आला. चौथ्यांदा उचलला. "ताई, कात्रजवरून बोलतोय, माझं डेअरीसमोर दुकान हाय. तुमच्या आई हितं गाडीत बसल्यात. पेशंट बघायला निघाले म्हनतात, पर कुठं जायचं ते आठवंना. डायरीत तुमचा नंबर घावला." मी मीटिंग अर्धी टाकून रिक्षानं आले. तू सीटवर ताठ बसली होतीस, मांडीवर बॅग. ज्यांना बघायला निघाली होतीस ते कसब्यातले गृहस्थ जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही तुझीच होती. मी गाडी चालवत तुला घरी आणलं. वाटेत तू एवढंच म्हणालीस, "तुझं काम अडलं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पूजा करत होतीस तेव्हा मी तुझ्या पर्समधली पुरचुंडी उघडली, रोटर काढला आणि रिकामा रुमाल पुन्हा घडी करून ठेवला. मला वाटलं, गाडी चालू झाली नाही की तू चिडशील, दोन दिवसांनी नाद सोडशील. तुला न दुखवता गाडी थांबवायचा हा बरा मार्ग असं मी स्वतःला समजावलं. पण तू चिडली नाहीस. तू शोधू लागलीस. औषधांचे खण, तांदळाचा डबा, देव्हाऱ्याचं कपाट, बाबांच्या कोटाचे खिसे. दिवसचे दिवस. मी रजेच्या दिवशी तुझ्याबरोबर वाकून पलंगाखाली बॅटरीचा झोत टाकला. "नवा आणू या," तू म्हणालीस. मी म्हटलं, आता तो कुणी बनवत नाही. तो मिळत होता. तुला देऊ नकोस म्हणून मेकॅनिकच्या मुलाला मीच सांगून ठेवलं होतं.

एकदा तू स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता थांबलीस. "तू घेतलास का गं?" अगदी साध्या आवाजात. रागानं विचारलं असतंस तर कदाचित मी सांगितलंही असतं. मी म्हटलं, "मी कशाला घेऊ?" तू मान डोलावलीस. "मग मीच कुठेतरी ठेवला. आणि मला आठवत नाही." त्यानंतर तू शोधणं थांबवलंस.

पुढच्या सोमवारी तू दवाखाना बंद केलास. मला विचारलं नाहीस. पाटी स्वतः उतरवलीस, पेशंटांचे कागद ज्याचे त्याला दिलेस. मी संध्याकाळी आले तेव्हा तू स्टेथोस्कोप डब्यात गुंडाळून ठेवत होतीस. "रोजच्या हातातली वस्तू कुठे ठेवली ते जिला आठवत नाही, तिनं लोकांना औषधाचे डोस सांगू नयेत," म्हणालीस. मी तिथे उभी होते. रोटर माझ्या ऑफिसच्या बॅगेत, चार पावलांवर. मी म्हटलं, "चहा टाकू?"

आज ना उद्या दवाखाना बंद करावाच लागला असता हे मला कळतं. कात्रजचा दिवस खोटा नव्हता. नंतरच्या दोन वर्षांत तू माझं नावही विसरलीस. पण त्या सोमवारी तू जो निर्णय घेतलास तो माझ्या खोटेपणावर घेतलास, आणि तेव्हा तू इतकी शहाणी होतीस की खरं सांगितलं असतं तरी बहुधा तोच घेतला असतास. फरक एवढाच, की मग तुला स्वतःचं मन इतक्या लवकर परकं वाटलं नसतं. तेवढा काळ मी तुझ्याकडून हिरावला. गाडी पुढे जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका माणसानं नेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. मी नेहमी स्वतःशी म्हणत आले की तुला अपघात होईल या भीतीनं मी तसं केलं. भीती नंतर आली. त्या सकाळी तुझी पर्स उघडताना मी फक्त चिडले होते, कारण मला मीटिंग सोडून यावं लागलं होतं.