मन हलकं करणाऱ्या बाई

३ मार्च
आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर, दोन मोठ्या खिडक्या, नळाला दिवसभर पाणी. उद्यापासून कवळ्या बनवायच्या वर्कशॉपमध्ये कामाला. मालकांनी आज सगळं फिरून दाखवलं: प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, रंगांच्या छटांप्रमाणे खणांत लावलेले दात. म्हणाले, इथे सगळे दिवसभर दात काढत असतात, पण काम चोख. लेक परीक्षा होईपर्यंत ताईकडे. फोनवर तिने बजावलं की माझा पलंग खिडकीशीच लाव. लावला.

१० मार्च
ताईने भरीस घातलं म्हणून आज समुपदेशन सुरू केलं, एका ॲपवरून, व्हिडिओवर. हे गेल्यापासून मी धड रडलेसुद्धा नाही, असं तिचं म्हणणं. बाईंचा परवाना क्रमांक अधिकृत यादीत तपासून घेतला, बरोबर आहे. बाई पन्नाशीच्या, केस पांढरे, मागे कोरी भिंत. बोलतात थोडं. त्यांनी अपघाताच्या दिवशीची सकाळ विचारली. मी सांगत गेले. शर्टवर सांडलेला चहा, जिन्यातून यांनी मारलेली हाक, मग इस्पितळ. शेवटी त्या म्हणाल्या, "आता हे माझ्यापाशी राहू द्या."
छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं.

१७ मार्च
आठवडाभर गाढ झोप. मेणावर हात बसत चाललाय. आज बाईंना आईचं आजारपण सांगितलं, तिचे शेवटचे दिवस, तिचा आवाज. तेही त्यांनी ठेवून घेतलं. ताई म्हणाली, तू पूर्वीसारखी हसायला लागलीस. मी म्हटलं, बाई देवमाणूस आहेत.

२२ मार्च
ताईचा फोन आला. उद्या त्यांना जाऊन वर्ष होतंय म्हणाली. मी विचारलं, कुणाला?
तिला वाटलं मी थट्टा करतेय.
भिंतीवर एक फोटो आहे. माझ्या खांद्यावर हात ठेवून एक माणूस उभा आहे. चेहरा चांगला आहे. कोण आहे, आठवत नाही. आईचा आवाज आठवून पाहिला. नुसते ओठ हलताना दिसतात.

२४ मार्च
बाईंना जाब विचारला. शांतपणे म्हणाल्या, दुःख सुटं काढता येत नाही, माणसाला चिकटूनच येतं. मग म्हणाल्या, "आता लेकीबद्दल सांगा."
मी फोन बंद केला.

२६ मार्च
दुपारी कामावर एका बाईचा फोन. तरुण आवाज, जरा ओशाळलेला. त्या म्हणाल्या, मीच तुमची समुपदेशक. दर रविवारी पडद्यासमोर वाट पाहते, तुम्ही एकदाही आला नाहीत. सगळं ठीक आहे ना?
मी परवान्याचा क्रमांक वाचून दाखवला. तो त्यांचाच होता. पांढऱ्या केसांचं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, पुन्हा कॉल आला तर उचलू नका. काहीही सांगू नका.
हातातला साचा फुटला.

३१ मार्च
ॲप काढून टाकलं होतं. सकाळी ताईच्या नंबरवरून फोन आला म्हणून उचलला — पडद्यावर त्याच पांढऱ्या केसांच्या बाई. एवढंच विचारलं, लेक झाली तेव्हा पाऊस होता का? मी म्हटलं नाही, ऊन होतं — एवढंच — आणि मग तोंड थांबेना. दाताखाली पदर धरला तरी बोलतच — तिचे पहिले बूट — ताप आला की माझा कान धरून झोपते — सगळं — सगळं दिलं —

२ एप्रिल
एक बाई आली आहे. ताई आहे म्हणते. रडते. बरोबर छोटी मुलगी. मुलगी मला बिलगली, मी हात सोडवून घेतला. का बिलगते — परकं मूल —
ती बाई पाणी आणायला आत गेली.
फोन वाजला. मुलीने उचलला. खिडकीशी बसून कुणाशी तरी हळू बोलतेय. तिकडून कुणी म्हटलंय, आईबद्दल सांग. ती सांगतेय. आई दात बनवते. आईच्या बोटांना मेणाचा वास येतो. आई —
माझ्या बोटांना —
गप्प बस पोरी, सांगू नकोस — ऐकत नाही — नावाने हाक मारली तर थांबेल — हिचं नाव —