सोन्याच्या मुलखातलं पत्र

१२ जाने. ८२, मोहाडी
अमेरिकेहून पाकीट आलं, यांच्या नावानं. हे पोस्टमास्तर होते तेव्हापासून तिकडच्या एका साहेबांशी यांचा पत्रव्यवहार. हे कोंढा, नाकाडोंगरी असल्या लहान पोस्टांचे शिक्के मारलेली पाकिटं पाठवायचे, साहेब तिकडची जुनी. दिवाळीत झटका आला न् यांची वाचा गेली, उजवा हातही. म्हणून पाकीट मीच फोडलं. इंग्रजी. 'फादर' एवढंच लागलं.

१३ जाने.
शेजारचे कोलते गुरुजी वाचून गेले. साहेब वारले. मुलीनं लिहिलंय, आमच्या घरातलं एक जुनं पत्र बाबांनी तुम्हाला पाहायला दिलं होतं, ते परत मिळावं.
पाहायला? हे तर तेव्हा म्हणाले होते, "दिलं त्यानं मले. कायमचं." साहेबांची तेव्हाची चिठ्ठी शोधली. नाही.
साहेब गेल्याचं यांना सांगितलं. डोळ्यांतून पाणी. पत्र परत मागितलंय, हे मात्र मला सांगवलं नाही.

१७ जाने.
ते जुनं पत्र पेटीतून काढलं. वेगळं पाकीट नाही, कागदच घडी घालून त्यावर पत्ता. तिकीटही नाही. तेव्हा टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्यानं भरायचे, असं हे सांगायचे. गुरुजींनी दुपारभर अक्षर लावलं. कॅलिफोर्नियात सोनं निघालं म्हणून एक जण बायकोला सोडून गेला, त्यानं तिला लिहिलेलं. सोन्याचं दोनच ओळींत. बाकी सगळं पोस्टाचं. जहाजानं डाक आली की खिडकीपुढं माणसंच माणसं. मी उभा राहतो, तुझं पत्र काही निघत नाही. मूल झालं का? मुलगा की मुलगी?
गुरुजी चष्मा पुसत बसले. मला वाटत होतं, सोन्याची काहीतरी गोष्ट असेल.

१८ जाने.
गुरुजी म्हणतात, पत्र मागणाऱ्या बाई त्याच मुलाच्या वंशातल्या असणार. म्हणजे मूल झालं. त्याला कळलं का पण? त्यांना विचारावं का? आपण कोण विचारणारे...

२१ जाने.
आज यांना विचारलं. "त्यायनं तुमाले देऊन टाकलं होतं काय?" मान हलवली, हो. "का पाहाले देल्लं होतं?" त्यालाही हो. मग चिडले, भिंतीकडे तोंड. मीही चिडले. भात तसाच राहिला.

२४ जाने.
त्यांच्या घरचं माणूस, त्यांच्या घरचं पत्र. द्यायलाच पाहिजे. पण यांच्याजवळ दुसरं काय आहे आता? हे खोटं बोलणारे नाहीत. साहेबही नसतील. कोणाचं ऐकण्यात चुकलं?

२८ जाने.
पाठवायचं ठरवलं. जाड पुठ्ठ्यात घातलं, वरून कापड शिवलं, पत्ता गुरुजींनी घातला. यांच्यापुढं धरून म्हटलं, "रजिस्ट्री करून येतो." मी चपला घातल्या, दाराशी आले.
मागून आवाज. "थांब."
दिवाळीपासूनचा पहिला शब्द. स्पष्ट. हातातलं पुडकं पडलं.
वळून पाहिलं तर अर्धे उठून बसलेले, डावा हात पुढं. पुडक्यासाठी? का खुंटीवरच्या कोटासाठी, पोस्टात जाताना घालायचे तो? विचारलं, "पाठवू नको म्हणता, का संगं येता?" ओठ हलले, शब्द नाही.
तशीच बसलेय जवळ. चपला पायातच. पोस्ट उघडं असेल अजून.