आडवा बांगजो

सालातिगा, ३ ऑगस्ट

चि. वेनिंग हिस,
तुझ्या थोरल्या मावशीचे, बुदे रेत्नाचे, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसती हो हो करतेस, म्हणून कागद घेतला. तुझा धाकटा भाऊ दानांग माझ्याकडे येऊन आठवडा झाला. जेवतो, गच्चीवर येरझाऱ्या घालतो, तुझं नाव काढलं की उठून जातो. त्याच्यामागे मीही घरभर फिरते आहे, या वयात.

कारण तू बनवलेला तो फोनवरचा खेळ. पिकलेल्या लाल मिरच्या तोडायच्या, हिरवी तोडली की हरलो. त्याला लाल-हिरवं सारखंच दिसतं, म्हणून तू रंग बदलायचं बटण ठेवलंस; इथपर्यंत शहाणपण. पण त्या बटणाला ‘दानांगचा चष्मा’ हे नाव द्यायची अक्कल कुणाची? वर खेळ सगळ्या भावंडांना पाठवलास. आता गल्लीतली पोरं त्याला विचारतात, काय चष्मेवाले, आज भाजी कुठल्या रंगाची? वीजतंत्राच्या कॉलेजनं डोळ्यांपायी नाकारलं, हे त्यानं तुझ्या आईला आणि मला सोडून कुणाला कळू दिलं नव्हतं. म्हणतो, बांडुंगला ताईच्या दारात आता पाऊल ठेवणार नाही.

आणखी एक. मंडईच्या चौकात रहदारीचा नवा दिवा आलाय. बांगजोच, पण आडवा. तेव्हापासून हा आंबवलेल्या सोयाबीनच्या तेम्पेची भजी आणायला टेकडीला वळसा घालून जातो आणि थंडगार भजी आणतो. मी ओरडले, तर म्हणाला, बुदे, उभ्या बांगजोत वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं. आडव्यात मी काय करू?

यावर डोकं चालव.

चिडलेली, तरी तुझीच,
बुदे रेत्ना


बांडुंग, ८ ऑगस्ट

ती. बुदे यांस,
वेनिंगचा सा. न.

आधी रडले, मग तुमच्यावर चिडले, मग पुन्हा रडले. मी लाडानंच नाव दिलं होतं हो. वाटलं, खेळात भावाचं नाव राहील. आमच्या ऑफिसातले साहेब अजून म्हणतात, नाव गोड आहे, वीस तारखेला खेळ बाजारात जायचाय, आता हलवाहलव नको.

मी त्यांना तुमच्या चौकाची गोष्ट सांगितली. बांगजो म्हणजे लाल-हिरवा; आपण जावाची माणसं हा शब्द बोबड्या वयापासून बोलतो. दानांगही बोलायचा, आणि पाहायचा मात्र वर-खाली. सख्ख्या बहिणीला पत्ता नाही!

तर बटणच काढलं. आता पिकलेली मिरची मान टाकते, कच्ची ताठ उभी राहते. लाल गडद केलाय, हिरवा फिका. खेळातली बाग सगळ्यांना सारखीच. साहेब म्हणाले, उशीर झाला तर तुझ्या बुदेला इथे जाब द्यायला आणीन. मी म्हटलं, आणाच, मग बघा कोण कुणाला जाब विचारतं ते.

रंग लावते, पुसते, परत लावते. चित्त थाऱ्यावर नाही. नवी प्रत तुमच्या फोनवर पाठवलीय. खेळेल का तो?

रागावत राहा, म्हणजे माया कळते.
वेनिंग


सालातिगा, १५ ऑगस्ट

चि. वेनिंग हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन त्याच्यापुढे ठेवला आणि आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. शेवटी हाक आली, बुदे, चष्मा कुठे गेला? मी म्हटलं, फुटला. तो हसला नाही. म्हणाला, शेवटच्या टप्प्यातली बाग फारच सोपी झालीय, ही तर गल्लीतल्या पोरांनाही जमेल, ताईला सांगा. मी म्हटलं, मी तुझी टपालवाली नाही, तूच सांग. तो स्कूटर काढून भजी आणायला गेला.

मी खिडकीशी जाऊन उभी राहते तोवर परत! म्हटलं, पडला की काय. तर म्हणे, चौकातल्या शेंगदाणेवालीला विचारलं, मावशी, मला रंग कळत नाहीत, लाल दिवा कुठल्या बाजूला? भर चौकात, मोठ्यानं. ती म्हणाली, डावीकडे रे बाबा. आणि माझ्या नवऱ्याला सगळे रंग कळतात, तरी मेला कधी थांबत नाही.

शनिवारच्या गाडीनं तो तुझ्याकडे निघतोय. शेवटची बाग अवघड करून ठेव.

जास्त लिहीत नाही. भजी गरम होती, जीभ भाजलीय.

बुदे रेत्ना