सौंदडला ठेवलेली दुसरी वही

बाबा, उद्या माझी तोंडी परीक्षा आहे. हसू नका. पन्नाशी उलटल्यावर बाई पीएचडी करून राहिली म्हणून आपलं अख्खं मुर्री गाव आधीच हसून घेतं आहे. विषय सांगते. गोंदियाच्या राईस मिलवाल्यांपैकी कुणी आपल्या नोंदी क्लाउडवर ठेवल्या, कुणी नाही ठेवल्या, आणि का. क्लाउड म्हणजे आपली वही आपल्याकडे न ठेवता दूर कुठल्या तरी मोठ्या मशीनमध्ये ठेवायची आणि पाहिजे तेव्हा फोनवर उघडून वाचायची. तुम्ही लगेच म्हणाला असता, "म्हंजे सौंदडले आत्याघरी ठेवल्यासारखं." अगदी तेच, बाबा! एवढं समजायला मला चार वर्षं आणि दोन चष्मे लागले.

तुमच्या मिलमध्येही गेले होते. तुम्ही जिथे धान भिजवत होतात, तिथे आता स्टीलच्या टाक्या आहेत आणि कोणता धान किती वेळ भिजला, किती उकडला, हे मशीनच वर पाठवतं. सेठजींचा नातू आता मिल बघतो. तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "मॅडम, अब सब क्लाउड पे है, कागज का काम खतम." मी प्रश्नावलीत बरोबरची खूण करणार, तेवढ्यात आताचे मिस्त्री टेबलाच्या खणातून वही काढून तिच्यात काहीतरी लिहायला लागले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "मशीनचं मशीनपाशी, आपलं आपल्यापाशी. अन् याची एक नक्कल तिरोड्याले सासऱ्याघरी हाये." मी इतकी हसले की नातू बिचारा घाबरला. त्यानंतर ज्या मिलमध्ये गेले, तिथे हेच विचारत सुटले, आणि क्लाउडवाल्या कितीतरी मिस्त्रींकडे अशी वही निघाली. माझे गाइड म्हणाले, "हा नव्या तंत्रावरचा अविश्वास आहे, अडथळ्यांच्या यादीत घाला." मी भांडले. सर, म्हटलं, आमच्याकडे क्लाउड यायच्या आधीच होता, म्हणून तर ही माणसं त्याला घाबरली नाहीत. पुरावा काय, म्हणाले. मी तुम्हाला पुढे केलं.

माझ्या शाळेच्या दिवसांतली संध्याकाळ आहे. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे आणि तुम्ही पाटावर बसून मिलची वही वाचता आहात. कुठल्या गावचा धान, हौदात किती रात्री, भट्टीवर किती वेळ, दाणा कसा निघाला. मी दुसऱ्या वहीत उतरवते आहे आणि कुरकुरते आहे. "कायले दोन-दोनदा लिहायचं, बाबा?" तुम्ही म्हणता, "मिलले आग लागली तं?" मग घरी ठेवू, मी म्हणते. "अन् घर गळलं तं? दोनी वह्या गोंदियातच ठेवल्या तं काय कामाच्या वो बाई!" मग महिन्यातून एकदा तुम्ही रेल्वेनं सौंदडला जाणार आणि आत्याच्या पेटीत भरलेली वही ठेवून येणार. आत्या म्हणायची, माझा भाऊ मला भेटायला येत नाही, पेटीला भेटायला येतो.

आणि ती वही कामाला आलीच. हौदावर वाकून वास घेताना मिलची वही तुमच्या खिशातून धानात पडली आणि धानासोबत भट्टीवर उकडून निघाली. सगळी मिल हळहळली आणि तुम्ही हसत घरी आलात. "तांदळावानी वहीबी उकडून उसनी झाली वो!" दुसऱ्या दिवशी सौंदडहून माझ्या अक्षरातली वही आली. येताना तुम्ही माझ्यासाठी शाईचा पेन आणलात, हिरवा, सोनेरी टोपणाचा. "तुह्याच्यानं वाचलो," म्हणालात. तो पेन मी कधी वापरला नाही. आईला वाटायचं, जपून ठेवते आहे.

जपून कशाची? मला तो हातात धरवत नव्हता. कारण त्या वहीतली एक ओळ खोटी होती. मंडईच्या जत्रेच्या दिवशी तुम्ही वही माझ्यापुढे टाकून गेला होतात आणि दंडारीचा नाच बघायला चल म्हणत मैत्रिणी दारात उभ्या होत्या. पानावर वरणाचा डाग पडला होता, एका धानाच्या रात्री वाचता येत नव्हत्या. तुम्हाला विचारायला मिलपर्यंत जावं लागलं असतं. मी वरच्या ओळीतलं खाली उतरवलं आणि पळाले.

पुढच्या हंगामात तोच धान आला. तुम्ही माझी वही बघून भिजवलात आणि तो कच्चा राहिला. दाण्याच्या पोटात पांढरं राहिलं, अर्ध्याहून जास्त तांदळाची कणी झाली. सेठजी सगळ्यांसमोर बोलले आणि तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चूक माही हाये." डबा द्यायला आलेली मी दारातच उभी होते. तोंड उघडलं नाही, बाबा. लाज वाटते मला, अजून वाटते. घरी तुम्ही रागावला नाहीत. फक्त त्या दिवसापासून लिहून झालं की म्हणायचात, "आता तू वाच, मी आयकतो." तुम्हाला समजलं होतं का? मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आता खरी गंमत ऐका. प्रबंधात मी ऐटीत लिहून बसले आहे की एका मिस्त्रीच्या घरातली दुसरी वही पहिलीइतकीच विश्वासाची होती. ते वाक्य छापून, बांधून परीक्षकांकडे गेलं आहे. काल गाइडना सगळं सांगितलं, तर त्यांनी डोक्याला हात लावला. "कुणी विचारणार नाही, गप्प राहा. सांगितलंत तर प्रबंध दुरुस्तीला परत येईल, अजून एक वर्ष जाईल." जाऊ दे. उद्या पहिल्यांदा तेच सांगणार आहे. वही खरी होती, उतरवणारी चुकली, आणि तिनं ते दडवलं. वर्ष गेलं तर मुर्रीला अजून एक वर्ष हसायला मिळेल.

हे पत्र कुठे पाठवू? सौंदडहून आलेल्या त्या वहीत त्याच पानावर ठेवते आहे, वरणाचा डाग उतरवला नव्हता त्या ओळीपाशी. आणि बाबा, आता सांगूनच टाकते. ज्या दंडारीसाठी मी एवढी पळाले होते, ती बघितलीच नाही. पोचले तेव्हा संपली होती.